मराठी निबंधासाठी गुगल क्लासरूम आणि डॉक्स: शिकवायला घ्या, मार्क मशीनला देऊ देऊ नका

नववी-दहावीला मराठी शिकवते, अमळनेरच्या बाजूला. निबंध तपासायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ असं बरेच शिक्षक विचारतात म्हणून एकदाच नीट लिहिते. मी गुगल क्लासरूम (ऑनलाइन गृहपाठ द्यायला आणि तपासायला) आणि गुगल डॉक्स (ऑनलाइन लिहायला) वापरते, शाळेचं एज्युकेशन अकाउंट असेल तर बेसिक व्हर्जन फुकट आहे आणि माझ्या मते मराठी शाळेला तेवढं पुरतं.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे व्हर्जन हिस्ट्री, म्हणजे डॉक्समधल्या फाइलच्या आधीच्या सगळ्या बदलांची नोंद. असाइनमेंट देताना प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळी कॉपी जाईल असा ऑप्शन निवडायचा, मग पोरं लिहीत असतानाच फाइल आपल्याला दिसते, आणि नंतर कॉम्प्युटरवर हिस्ट्री उघडली की आधी काय होतं, काय खोडलं, कधी बदललं सगळं समोर येतं, कुठून उचललेला परिच्छेद असेल तर तो अख्खाच्या अख्खा एकदम येऊन पडलेला दिसतो. वहीत आपल्याला फक्त शेवटचा निबंध मिळतो हो, पोरगं कुठे अडलं ते कळतच नाही.

आखाजीवर, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेच्या सणावर, निबंध दिला होता. एका मुलीने आमच्याकडच्या अहिराणी बोलीत लिहिलं, "मोठी बहीण माहेरले उनी तवय घर भरी गयं." (मोठी बहीण माहेरी आली तेव्हा घर भरून गेलं.) हिस्ट्रीत बघितलं तर तिने ते वाक्य खोडून "घरात आनंदाचे वातावरण पसरले" असं केलेलं, म्हणजे निबंधाच्या पुस्तकातलं वाक्य. मी कॉमेंट टाकली की आधीचं परत आण, आजीच्या तोंडी घाल आणि अवतरण चिन्हात ठेव, बाकीचं प्रमाण मराठीत लिही. तिने आणलं, आणि पुढे झोक्यावरच्या गाण्यांचा एक परिच्छेद स्वतःहून वाढवला, तोच अख्ख्या निबंधातला सगळ्यात जिवंत भाग झाला.

हाच निबंध दोन्ही रूपांत मी निबंधाला आपोआप मार्क देणाऱ्या एका पेड ॲपमध्ये टाकून बघितला, नाव सांगत नाही. अहिराणी वाक्याला भाषेची चूक म्हणून मार्क कापले आणि "आनंदाचे वातावरण" वाल्या निबंधाला जास्त दिले. मला फार वाईट वाटलं, कारण आपली पोरं घरी अहिराणी बोलतात आणि शाळेत आधीच बिचकत लिहितात. बरं हे मराठीपुरतंच आहे असंही नाही, अमेरिकेतल्या एमआयटीत लेखन शिकवलेल्या लेस पेरेलमन यांनी 2014 मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन बेबल नावाचा प्रोग्राम केला होता, दोन-तीन शब्द टाकले की काही अर्थ नसलेला पण भारी भारी शब्दांचा इंग्रजी निबंध तयार, आणि मशीनने त्याला चांगले मार्क दिले! लांबी, अवघड शब्द, वाक्यरचना हे मशीन मोजतं, खरं-खोटं त्याला कळत नाही.

क्लासरूममधलं रुब्रिक, म्हणजे कशाला किती मार्क याचा तक्ता, मात्र जरूर वापरा. मुद्दे, परिच्छेद, स्वतःचा अनुभव, शुद्धलेखन असे निकष आपणच ठरवायचे आणि निबंध देतानाच पोरांना दाखवायचे, म्हणजे "मॅडम मले कमी का दिन्हात" हा प्रश्न येत नाही. शुद्धलेखनाला मी मुद्दाम कमी वजन ठेवते.

अडचणी आहेत. घरात मोबाइल एकच, तोही वडिलांसोबत शेतात गेलेला, त्यामुळे मुदत दोन दिवस सैल ठेवावी लागते. पण कापूस वेचणीच्या दिवसांत जी पोरं शाळेत येत नाहीत ती संध्याकाळी घरून चार ओळी तरी लिहितात, याचा मला खूप आनंद आहे. आणि बोर्डाचा 80 मार्कांचा पेपर हातानेच लिहायचाय, म्हणून पहिले खर्डे डॉक्सवर आणि शेवटचा वहीतच लिहून घ्या, नाहीतर हाताने लिहायचा वेग रहात नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. सुरुवात करायची तर एकाच वर्गापासून करा आणि पहिल्या निबंधाला मार्क देऊच नका, फक्त कॉमेंट द्या.