लक्ष्मीपूजनाच्या रात्री उघडा मिळालेला दवाखाना

राजारामपुरीतील एका लहान पशुवैद्यकीय दवाखान्यात गेल्या दिवाळीत आम्हाला जी सेवा मिळाली, तिच्याविषयी कोल्हापुरातील इतर श्वानपालकांना माहिती असावी, म्हणून हे लिहीत आहे. लक्ष्मीपूजनाच्या गडबडीत आमच्या २२ किलो वजनाच्या राणीने चिवड्याचा डबा पाडून निम्मा फस्त केला. सासूबाईंनी त्यात तासगावचे बेदाणे सढळ हाताने घातले होते.

बेदाणे कुत्र्यांना विषारी ठरू शकतात, म्हणून दवाखान्याला फोन केला; तो लगेच उचलला गेला. डॉक्टर मॅडमनी वजन, बेदाण्यांचा अंदाज आणि खाऊन झालेला वेळ एवढेच विचारले आणि घरी मिठाचे पाणी पाजू नका, असे निक्षून सांगितले. आमच्या स्वयंपाकघरात नेमके तेच कालवणे चालू होते. त्याने रक्तातील सोडियम वाढून कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. तासाभराच्या आत इंजेक्शन देऊन उलटी करवली, तेव्हा फुगलेले बेदाणे जसेच्या तसे बाहेर पडले. नंतर सलाईन लावले.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो पुढचा पाठपुरावा. दुसऱ्या दिवशी राणी खेळू लागल्यामुळे रक्ततपासणी नको, असे आम्ही म्हणत होतो; परंतु द्राक्षे आणि बेदाणे यांची सुरक्षित अशी मात्रा सांगता येत नाही, २०२१ पासून त्यांतील टार्टारिक आम्लाकडे कारण म्हणून पाहिले जाते, आणि मूत्रपिंडाला झालेली इजा एक ते तीन दिवसांनीही उघड होऊ शकते, हे त्यांनी शांतपणे समजावले. ७२ तासांपर्यंत रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम बिघडल्यास वाढणारा घटक) तपासले. ते वाढले नाही.

भाऊबीजेच्या मटणाविषयीही त्यांनी स्वतःहून विचारले. तांबडा रस्सा तिखट म्हणून आपण देत नाही, पण पांढरा चालतो असे अनेक घरांत मानतात. प्रत्यक्षात कांदा-लसूण दोन्हींत असतो आणि तो कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतो. शिजलेल्या हाडाच्या कपच्या आतड्यात रुततात, ते वेगळेच. भेट आलेल्या चॉकलेटमधील थिओब्रोमाइन हे कुत्र्यांना विषारी असलेले द्रव्य त्यांच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, आणि चॉकलेट जितके गडद, तितके ते अधिक.

उणिवाही आहेत. खर्चाचा अंदाज आधी सांगितला गेला नाही. प्रतीक्षेची जागा रस्त्याकडेला उघडी असल्याने फटाक्यांच्या आवाजाने राणी थरथरत होती. एवढी उपयुक्त माहिती केवळ तोंडी मिळते. तिचे मराठी पत्रक नवरात्रापासूनच दवाखान्यात ठेवावे, अशी विनंती मी केली आहे.

सणात असा प्रसंग आलाच, तर निघताना उरलेला पदार्थ डब्यासकट सोबत न्यावा. आम्ही नेला होता, आणि मॅडमनी उरलेल्या चिवड्यातले बेदाणे मोजूनच किती पोटात गेले असतील, याचा हिशेब मांडला.