बीएक्स बोर्डावरचा पेन्टियम थ्री : पावसाळाभर वापरल्यानंतर

जुना पीसी जमवून त्यावर जुने गेम खेळावेत का, असं विचारणाऱ्यांना आधीच सांगतो : मेगाहर्ट्झच्या मागे लागू नका. खरी मजा साउंड कार्डात आणि जाड काचेच्या मॉनिटरात आहे. प्रोसेसर काय, त्या काळातला कुठलाही चालतो. उन्हाळ्यात मशीन उभं केलं, पावसाळाभर आणि दिवाळीतही वापरलं, तरी हे मत बदललेलं नाही.

डबा आला बेळगावच्या उद्यमबागेतल्या मामांच्या वर्कशॉपमधून. बिलं आणि चलनं काढायला घेतलेला, पुढं काम नव्या मशीनवर गेलं आणि हा माळ्यावर. बेळगावात असे डबे अजून निघतात, कारण फौंड्री आणि मशीन शॉपवाली मंडळी चालू वस्तू सहसा टाकत नाहीत. मामा म्हणाले, "ने की, उंदरांचीच सोय झालीय त्यात." कॅबिनेटवर स्टिकर होता पेन्टियम फोरचा. आत पेन्टियम थ्री निघाला. असेंबल मशीनच्या स्टिकरवर कधीच जाऊ नये, कॅबिनेट एका पीसीचं आणि पोट दुसऱ्याचं असतं.

ओळखायचं कसं, ते नीट सांगतो. हीटसिंकची क्लिप स्क्रू ड्रायव्हरनं हळूच दाबून सोडवली, सुकून खडू झालेली पेस्ट स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली. मधल्या चकचकीत तुकड्याशेजारी बारीक अक्षरांत ओळ दिसली : ७००/२५६/१००/१.६५. पहिला आकडा मेगाहर्ट्झ, दुसरा कॅश किलोबाइटमध्ये, तिसरा बसचा वेग, चौथा व्होल्टेज. दिसायला अगदी असाच सेलेरॉन, म्हणजे इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसरही येतो, त्यावर दुसरा आकडा १२८ असतो. दुकानदार काहीही सांगो, ही ओळ खोटं बोलत नाही. हीटसिंक परत बसवताना मात्र तिरका दाब देऊ नका, त्या चकचकीत तुकड्याचा कोपरा टवका उडून गेला की प्रोसेसर संपला.

बोर्डावर इंटेलचा ४४०बीएक्स चिपसेट, १९९८ चा. नंतर आलेला ८१५ कागदावर नवा, १३३ ची बस अधिकृतपणे चालवणारा, पण त्याला रॅमची मर्यादा ५१२ एमबी आणि त्याच्या बहुतेक बोर्डांवर आयएसए स्लॉटच नसतो. मला जुन्या साउंड कार्डासाठी लांब काळा आयएसए स्लॉट हवाच होता. पांढरे ते पीसीआय, तपकिरी तो एजीपी, ग्राफिक्स कार्डाचा. एवढी रंगांची ओळख असली की भंगाराच्या ढिगातून बोर्ड लांबूनही निवडता येतो. बीएक्सच्या एजीपीत ३.३ व्होल्टवालं कार्ड लागतं, त्याची खाच कार्डाच्या मागच्या पत्र्याच्या बाजूला असते. दोन खाचा असलेलं कार्ड दोन्हीकडे चालतं.

रॅमची एक गंमत सांगायला हवी, कारण यात पुष्कळ जण फसतात. २५६ एमबीची एसडीरॅम पट्टी घेताना तिच्यावरच्या चिपा मोजा. आठच असतील तर बीएक्स बोर्ड ती अर्धी दाखवतो किंवा मशीन चालूच होत नाही. सोळा चिपांची लागते. आणि विंडोज ९८ ला ५१२ एमबीपेक्षा जास्त देऊ नका, जादा रॅम दिली की तेच अडखळायला लागतं. मी २५६ वर थांबलोय, कमी पडलेली नाही.

ग्राफिक्स कार्डासाठी खडे बाजाराच्या बाजूला एका दुकानात गेलो. मालकानं धुळीचं कार्ड पुढं सरकवलं, "छलो ऐत्री, तगोरी (चांगलं आहे, घ्या). टीएनटी टू आहे." चिपवर हीटसिंक चिकटवलेला, त्यामुळं वाचायला काही नाही. बोर्ड बरोबर नेला होता, तिथंच लावला. अवॉर्ड बायोस असेल तर चालू होताना पीसीआय उपकरणांचा तक्ता येतो, त्यात व्हेंडर आणि डिव्हाइस आयडी असतात. पॉज बटण दाबून तो वाचायचा. १०डीई म्हणजे एनव्हिडिया, ते ठीक. पुढं ००२डी. म्हणजे हे टीएनटी टू एम६४, मेमरीची वाट १२८ ऐवजी ६४ बिटांची. पूर्ण टीएनटी टू असतं तर ००२८ आलं असतं. तो तक्ता बघून मालकानं भाव उतरवला, तरी मी घेतलं नाही. त्याच ढिगात ०११० वालं निघालं, जीफोर्स टू एमएक्स, २००० सालचं. तेच आज मशीनमध्ये आहे.

वूडू, म्हणजे थ्रीडीएफएक्सचं त्या काळातलं नावाजलेलं थ्रीडी कार्ड? बेळगावात मला दिसलं नाही, आणि बाहेरून मागवायचं तर लोक सोन्याचा भाव सांगतात. थ्रीडीएफएक्स कंपनीनं २००० च्या डिसेंबरात आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकायचं ठरवलं आणि ग्लाइड, म्हणजे गेमांनी वूडूशी बोलायची खास भाषा, तिथंच थांबली. त्यामुळं नीड फॉर स्पीड टू एसई माझ्याकडं सॉफ्टवेअर मोडवर चालतो, त्याला विंडोजची सर्व कार्डांना चालणारी डायरेक्ट थ्रीडी येतच नाही. तिसरा भाग मात्र जीफोर्सवर लोण्यासारखा पळतो. एका गेमसाठी वूडू घेणं मला पटत नाही, ज्यांना पटतं त्यांनी खुशाल घ्यावं.

आता साउंड कार्ड. आयएसए स्लॉटात ईएसएस १८६८ आहे, चिपवर ऑडिओड्राइव्ह असं छापलेलं. नावाजलेलं नाही, म्हणून स्वस्त मिळतं. साउंड ब्लास्टर प्रोशी जुळतं, १६ शी नाही, हे लक्षात ठेवलं की तक्रारीला जागा उरत नाही. ते प्लग अँड प्ले असल्यानं शुद्ध डॉसमध्ये आधी त्याला जागं करणारा छोटा प्रोग्राम ऑटोएक्झेक फाइलीत घालावा लागतो, मग ब्लास्टरची ओळ : ए२२० आय५ डी१ टी४. डूमच्या सेटअपमध्ये पोर्ट २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ दिलं की काम झालं. त्याचं एफएम संगीत यामाहाच्या ओपीएल३ शी मिळतंजुळतं, स्वतःचा थोडा वेगळा आवाज असलेलं. पहिल्या लेव्हलचं संगीत जुन्या स्पीकरांतून आलं तेव्हा स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "हे काय वाजालंय रे?" लॅपटॉपवर डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामात, तोच गेम लावतो तेव्हा कुणी मान वर करत नाही. विंडोजच्या गेमांसाठी १९९८ चं साउंड ब्लास्टर लाइव्ह पीसीआयमध्ये लावून बघितलं, दोन कार्डांची आयआरक्यूवरून, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या वाटेवरून, भांडणं लागली, काढून ठेवलं.

मॉनिटर १७ इंची, काचेचा, रिक्षातून मांडीवर धरून आणला. जुन्या डॉस गेमांचं ३२० बाय २०० चं चित्र व्हीजीएवर सेकंदाला ७० वेळा येतं, आणि या मॉनिटरवर प्रिन्स ऑफ पर्शियाचा राजपुत्र कडेला लटकतो ते बघताना कडा कुठंच फाटत नाहीत. सपाट एलसीडीवर हेच चित्र ताणलं जाऊन धुरकट होतं. १०२४ बाय ७६८ वर ८५ हर्ट्झ ठेवा, ६० वर डोळे दुखतात. आत हात घालू नका, बंद केल्यावरही नळीत विजेचा दाब राहतो.

गैरसोयी पण आहेत. आपल्याकडचा पाऊस, आणि खानापूरकडच्या मंडळींना तर तो अजून जास्त. दोन आठवडे मशीन बंद राहिलं की आयएसए कार्डाच्या सोनेरी दातांवर काळपट थर धरतो आणि आवाज जातो. खोडरबरनं दात घासून परत बसवलं की येतो. कॅबिनेटात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवल्यात. वीज गेली की विंडोज ९८ पुढच्या वेळी स्कॅनडिस्क चालवतं, म्हणून यूपीएस लावला. प्रोसेसरजवळचे तीन कपॅसिटर माथ्यावर फुगले होते. शहापुरात टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी ते १०५ डिग्रीवाले, कमी ईएसआरचे, म्हणजे आतला विरोध कमी असलेले, टाकून दिले. बोर्ड घेताना माथे सपाट आहेत का, हे बोट फिरवून बघायचं. नवा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, १२ व्होल्टवर दणकट आणि ५ व्होल्टवर किरकोळ असतो. माझ्या प्रोसेसरला साधारण २० वॉट पुरतात म्हणून चाललं. एएमडीच्या एथलॉन प्रोसेसरवाल्यांनी मात्र लेबलावरचे अँपिअर वाचूनच घ्यावा.

हार्ड डिस्कच्या जागी आयडीई अडॅप्टरवर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आहे. आवाज नाही, आणि फायली टाकायच्या तर कार्ड काढून लॅपटॉपच्या रीडरमध्ये घालतो. विंडोज ९८ मध्ये पेनड्राइव्हचा ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

वेगाचा प्रश्न राहिला. जॅझ जॅकरॅबिट सुरू केला की "रनटाइम एरर २००". टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या गेमांना हा रोग आहे, वेगवान प्रोसेसरवर सुरुवातीचीच मोजणी फसते. त्यासाठी पॅच मिळतो. इतर अतिजुन्या गेमांसाठी बायोसमध्ये जाऊन आतली कॅश बंद करतो, मशीन थेट जुन्या ३८६ प्रोसेसरच्या चालीला येतं. भाचा बाजूला बसलेला असतो, "मामा, मुद्दाम हळू कशाला करालास?" त्याला डेंजरस डेव्ह खेळायला दिला की प्रश्न थांबतात. रोड रॅश त्याला माझ्यापेक्षा चांगला जमतो.

घ्यावं का? फक्त डॉसचे गेम हवे असतील आणि घरात जागा नसेल तर डॉसबॉक्स फुकट आहे, तेवढं पुरे. टेबल मोकळं असेल आणि काचेचा मॉनिटर मिळत असेल, तर घ्या, आणि आधी मॉनिटर घ्या. बोर्ड, रॅम, कार्डं आज ना उद्या ढिगात सापडतात. मॉनिटर भंगारवाला तांब्यासाठी फोडून टाकतो. निपाणी, चिकोडी, खानापूर कुठंही १७ इंची चालू अवस्थेत कुणाच्या माळ्यावर असेल तर फोडायला देऊ नका. मला एक जादा ठेवायचा आहे, गाडी घेऊन मीच येईन.