छोटीचं टॉप की मोठीचं बेस? खान्देशात गाडी घेताना

शोरूमबाहेरच्या फलकावर गाडी एकच असते. आत गेलं की तिचे दहा-बारा अवतार निघतात. कुणाच्या नावामागे 'प्लस', कुणाच्या मागे कंसातला 'ओ', कुणाला कसलीतरी 'एडिशन' चिकटलेली. फलकावरचं चित्र सगळ्यात वरच्या मॉडेलचं, किंमत सगळ्यात खालच्या मॉडेलची, आणि दोघांच्या मधे एक चांदणी. तिचा अर्थ अगदी तळाला, चष्मा काढून-घालून वाचावा लागेल इतक्या बारीक अक्षरात: दाखवलेली साधने सर्व मॉडेल्समध्ये असतीलच असे नाही. जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, गोंधळ इथूनच सुरू होतो.

सध्या आपल्याकडे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा. रस्त्यावर आणेपर्यंत तेरा लाखांची तयारी आहे, म्हणजे एक्स-शोरूम (रोड टॅक्स आणि विमा धरण्याआधी) साधारण अकरा. त्यात चार मीटरच्या आतल्या छोट्या एसयूव्हीचं टॉप मॉडेल बसतं आणि सव्वाचार-साडेचार मीटरच्या मोठ्या एसयूव्हीचं बेसही बसतं. पेट्रोल दोन्ही. एकीकडे सनरूफ, मोठा स्क्रीन, थंड हवेच्या सीट. दुसरीकडे रुबाब, रुंदी आणि दारात उभी केली की गल्लीला कळेल अशी गाडी.

आधी किमतीचं पोट फाडून बघू

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांब आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यापेक्षा मोठीवर ४० टक्के. आता अकरा लाखांची दोन्ही बिलं शेजारी ठेवा. छोटीच्या अकरा लाखांत जीएसटी आहे सुमारे १ लाख ६८ हजार. मोठीच्या अकरा लाखांत ३ लाख १४ हजार. म्हणजे तेवढेच पैसे मोजून छोटीत जवळजवळ दीड लाखाचा जास्त माल पदरात पडतो. छोटीचं टॉप इतकं भरलेलं आणि मोठीचं बेस इतकं रिकामं का दिसतं, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. मोठीच्या कंपनीला दोष देऊन उपयोग नाही.

दुसरी पायरी दहा लाखांवर आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स, त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के. शिवाय दहा लाख ओलांडले की एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला आयकर, कापला जातो. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण त्या दिवशी खिशातून जातोच. ९ लाख ९५ हजारांच्या गाडीला टॅक्स १ लाख ९ हजार ४५०, आणि १० लाख १० हजारांच्या गाडीला १ लाख २१ हजार २००. किंमत पंधरा हजारांनी वाढली, टॅक्स पावणेबारा हजारांनी, वर दहा हजारांचा टीसीएस. म्हणून छोट्या गाडीचं वरून दुसरं मॉडेल दहाच्या आत बसत असेल तर ते बाजूला लिहून ठेवा. पुढे कामाला येईल.

माहितीपुस्तिका वाचायची कशी

फूटपट्टी घ्या. थट्टा नाही. मधल्या पानावरचा तक्ता म्हणजे उभ्या आठ-दहा रकान्यांत काळे ठिपके आणि आडव्या रेघा. डोळा एक रकाना सरकला की सहा एअरबॅग दोन झाल्या. आपल्या मॉडेलच्या रकान्यालगत पट्टी उभी ठेवायची आणि वरून खाली यायचं.

आता 'सुरक्षा' या मथळ्याखालची भलीमोठी यादी बघा. मागचे पार्किंग सेन्सर, पुढच्या दोघांसाठी सीटबेल्टची टुणटुण, ८० आणि १२० च्या वेगाला वाजणारी सूचना, चालकाची एअरबॅग: हे सगळं १ जुलै २०१९ पासून कायद्यानेच द्यावं लागतं. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) त्याच वर्षीच्या एप्रिलपासून आहे. शेजारच्या सीटची एअरबॅग नव्या मॉडेलना एप्रिल २०२१ पासून आणि जुन्यांना त्या वर्षाच्या अखेरीपासून सक्तीची. या ओळी ठिपक्यांनी भरलेल्या दिसतात, सेल्समन त्यावर बोट ठेवून मोजतो, पण त्यात कुणी मेहेरबानी केलेली नाही. दोन गाड्यांची तुलना करताना त्या ओळींवर पेन्सिलीने काट मारा. यादी निम्म्यावर येते.

सहा एअरबॅगचं मात्र तसं नाही. त्या सक्तीच्या करण्याचं ठरलं होतं, तारीख ऑक्टोबर २०२३ पर्यंत ढकलली गेली आणि शेवटी सक्ती झालीच नाही. बऱ्याच कंपन्या आता खालच्या मॉडेलपासून देतात, पण 'सगळ्याच देतात' हे गृहीत धरू नका. ही ओळ, तिच्या खालची ईएससीची (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) ओळ आणि मागच्या मधल्या सीटला तीन ठिकाणी बांधणारा पट्टा आहे की नाही ही ओळ, या तीन ओळी मी आधी वाचतो. इथे रेघ असेल तर पुढचं पान उलटायचं कारण नाही.

मोठी गाडी म्हणजे मजबूत गाडी, हा आपल्याकडचा पक्का समज. २०१८ साली ग्लोबल एनकॅपच्या, म्हणजे गाड्या मुद्दाम धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या, चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉन होती, चार मीटरच्या आतली. २०२४ मध्ये तिथेच प्रौढांच्या सुरक्षेत पाच तारे घेणारी डिझायरही तेवढीच लांब. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपलं स्वतःचं भारत एनकॅप सुरू आहे. प्रौढांसाठी ३२ पैकी आणि मुलांसाठी ४९ पैकी गुण देतात. जाहिरातीत नुसते तारे छापतात, गुण छापत नाहीत. गुण बघा आणि ते कोणत्या मॉडेलला लागू आहेत तेही बघा. ही चाचणी ऐच्छिक आहे, तेव्हा तारेच नसलेली गाडी नापास झालेली असेलच असं नाही, पण आपण शंका घ्यायला मोकळे.

आपल्या उन्हात काय टिकतं

इथे पुण्या-मुंबईचे सल्ले चालत नाहीत. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि काळ्या रंगाचं दार हाताने उघडवत नाही.

सनरूफ दाखवणाऱ्या पोराला आमच्या अमळनेरच्या मामांनी शांतपणे विचारलं, "मे महिनामा छत उघाडीसन काय करशी रे भाऊ?" पोरगा हसला, पण उत्तर त्याच्याकडे नव्हतं. काचेचं छत म्हणजे आत उन्हाला आणखी एक वाट, पडदा लावला तरी. जुलैत तोरणमाळला जाताना मजा येते, हे खरं. तेवढ्यासाठी किती मोजायचे ते ज्याचं त्याने ठरवावं. मी मोजणार नाही.

थंड हवेच्या सीटबद्दल मात्र मी उलट म्हणेन. पाठीचा घाम खरोखर सुकतो, आणि धुळे-जळगाव रोज करणाऱ्याला ती चैन वाटणार नाही. बऱ्याच छोट्यांच्या टॉपमध्ये ही सोय असते, मोठीच्या बेसमध्ये नसते. पण डिलिव्हरीच्या दिवशीच जाड रेक्झिनचे कव्हर चढवायची आपली रीत आहे. ते चढवलं की सीटची हवेची भोकंच बुजली, पैसे पाण्यात. त्याहून वाईट म्हणजे बाजूच्या एअरबॅग बहुतेक गाड्यांत पुढच्या सीटच्या कडेतच शिवलेल्या असतात. घट्ट कव्हरने त्या अडतात. सहा एअरबॅगसाठी वरचं मॉडेल घ्यायचं आणि दोन हजारांच्या कव्हरने त्यातल्या दोन कोंडून टाकायच्या, असा व्यवहार रोज होतो. पुढे लावायच्या लोखंडी गार्डचंही तेच: धडक सेन्सरपर्यंत जशी पोचायला हवी तशी पोचत नाही, आणि असे गार्ड बेकायदा आहेत.

एसीची थंडी मागपर्यंत जाते का, हा दोघींच्या तुलनेतला सगळ्यात मोठा मुद्दा. मागे एसीचे व्हेंट छोटीच्या टॉपला असतातच. मोठीच्या बेसला आहेत की नाही ते फूटपट्टीने बघा, कारण मोठी केबिन थंड व्हायला वेळ जास्त लागतो आणि मागे आई-वडील बसणार असतात. टेस्ट ड्राइव्ह सकाळी दहाला घेऊ नका. दुपारी दोनला जा, गाडी आधी अर्धा तास उन्हात उभी ठेवा म्हणावं, घरची पाच माणसं भरा आणि मग एसी लावा. मागचा माणूस किती वेळाने गप्प बसतो ते बघा.

काचेला काळी फिल्म लावून घेऊ, असं कुणी म्हणालं तर पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे, हा नियम लक्षात असू द्या.

रस्ता आणि घाट

चाळीसगाववरून कन्नडचा घाट चढायचा, पाच माणसं, मागे सामान, एसी चालू. छोट्या गाडीत बिनटर्बोचं (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा) १२०० सीसी इंजिन असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये ओरडत जाते. मोठीच्या बेसमध्ये बहुतेक दीड लिटरचं इंजिन येतं, ते निवांत चढतं. हा मोठीचा खरा गुण, आणि जाहिरातीत तो दिसत नाही कारण घाटाचा फोटो काढता येतो, घाटातला गिअर नाही. छोटीच्या टॉपला टर्बो असेल तर हा फरक बराच मिटतो. विचारा: या किमतीत टर्बो आहे की त्यासाठी अजून लाख वर?

मायलेजचा आकडा दोन्हीकडे प्रयोगशाळेतला. रोलरवर, एसी बंद, वेग ९० च्या वर नाही. आपला वापर फेब्रुवारीपासून एसी आणि चौपदरीवर शंभर. त्या आकड्यातून पाव हिस्सा वजा करून घरचं गणित मांडावं, असा माझा हिशोब. दोन गाड्यांमधला फरक बघायला तो आकडा चालतो, खर्च काढायला चालत नाही.

आडास, म्हणजे कॅमेरा-रडारवर चालणारी मदत, हल्ली छोट्या गाड्यांच्या टॉपमध्येही छापतात. त्यातलं आपोआप ब्रेक लावणं जीव वाचवू शकतं. लेन धरून ठेवणं मात्र रस्त्यावर पांढरी रेघ असेल तर. आपल्या महामार्गावर उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल आणि कापसाने ओसंडणारी बिनदिव्याची ट्रॉली असते. गावात शिरल्यावर रेघच संपते. बहुतेक जण आठवड्यात ते बंद करतात. या मदतीला जाहिरातीत लावलेल्या 'लेव्हल टू' या शब्दासाठी वरचं मॉडेल घेऊ नये.

ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. कनेक्टेड सेवा (फोनवरून गाडीशी जोडून घेण्याच्या) ठरावीक वर्षं फुकट, मग पैसे. एवढं पुरे.

नंतर बसवता येतं ते आणि कधीच येत नाही ते

मोठीचं बेस घेणारे म्हणतात, बाकीचं बाहेरून टाकून घेऊ. स्क्रीन, स्पीकर, मागचा कॅमेरा, अलॉय व्हील बाहेर मिळतात, हे खरं. वायर कापली की त्या भागाची वॉरंटी धोक्यात, हेही खरं. म्हणून मूळ कपलरला (कंपनीने दिलेल्या वायरच्या जोडाला) जोडणारंच घ्यावं. एअरबॅग, ईएससी, मागचे डिस्क ब्रेक, मागचे एसी व्हेंट, थंड सीट, चांगले एलईडी हेडलाइट हे नंतर होत नाही. रात्री साक्री-धुळे मार्गावर समोरून अप्पर मारणाऱ्या ट्रकपुढे हॅलोजनचा पिवळा दिवा काय कामाचा, ते चालवणाऱ्याला ठाऊक आहे. उलट छोटीच्या टॉपला रुंदी नंतर बसवता येत नाही. मागे तीन मोठी माणसं पुण्यापर्यंत नेणं म्हणजे फर्दापूर येईपर्यंत कुरकुर सुरू.

तेव्हा माझं मत असं. घरात नेहमी पाच मोठी माणसं प्रवास करतात आणि घाट वर्षाला अनेकदा लागतो, तर मोठी घ्या, पण बेस नको. थोडं थांबून, पैसे जमवून एक पायरी वरची. मोठीच्या बेसला बडा घर पोकळ वासा असं होतं, आणि पोकळ जागा नेमक्या आपल्या हवामानात टोचतात. दोघं नवरा-बायको, दोन मुलं, रोजचं जळगाव-भुसावळ, तर छोटी घ्या, आणि तिथेही टॉप नको. वर लिहून ठेवलेलं दहाच्या आतलं मॉडेल काढा. सहा एअरबॅग, ईएससी, एलईडी आणि मागचे व्हेंट त्यात बहुधा असतात. थंड सीट नसतील, तेवढंच एक हळहळायचं.

मॉडेल ठरलं की कोटेशनवर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या, कंसातल्या अक्षरासकट. ज्या चार-पाच गोष्टींसाठी ती गाडी घेताय त्याही खाली लिहायला लावा आणि सही-शिक्का घ्या. कंपन्या वर्षाच्या मधेच एखादी सोय काढतात, आणि पुस्तिकेत 'बदलाचा हक्क राखून' छापलेलं असतंच. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. 'हँडलिंग' आणि 'अॅक्सेसरी किट' या ओळींवर बिनदिक्कत बोट ठेवा. सांगितलेली सोय गाडीत निघाली नाही तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पन्नास लाखांपर्यंत मोबदला दिलेला व्यवहार तिथे चालतो, आणि सही केलेला तो कागद तिथे कामाला येतो.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गाडी घरी आणायची असेल तर तपासणी आखाजीला करू नका. त्या दिवशी शोरूममध्ये हार, पेढे आणि फोटोंची रांग असते, बोनेट उघडायलाही कुणी रिकामा नसतो. दोन-तीन दिवस आधी यार्डात जा. चासी नंबरच्या पट्टीवरून बनावटीचा महिना विचारा, टायरवरचे चार आकडे वाचा (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष), कोटेशन हातात धरून एकेक सोय चालू करून बघा. सगळं जुळलं तरच उरलेले पैसे भरा.