15 रुपयांचा डिजिटल सातबारा: सेवा उत्तम, पण उतारा वाचता यायला हवा

महाभूमीच्या संकेतस्थळावरचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ही महसूल खात्याची अतिशय उपयोगी सेवा आहे. मोबाइलवर ओटीपी घ्यायचा, खात्यात पैसे भरायचे, जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक निवडायचा. 15 रुपये वजा होऊन पीडीएफ मिळते. तिच्यावर क्यूआर कोड आणि 16 अंकी पडताळणी क्रमांक असल्याने तलाठ्याच्या सही-शिक्क्यासाठी खेटे घालावे लागत नाहीत. भूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसणारा उतारा मात्र केवळ माहितीपुरता. तरी आधी तिथे नावं पाहून घ्यावीत. 112/2/अ ऐवजी 112/2 निवडलं की भलताच उतारा निघतो आणि पैसे वाया जातात.

जमीन घेणाऱ्याने विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये, ताजा उतारा स्वतः काढावा.

खरी अडचण पुढे आहे. सातबारा महसुलासाठी ठेवलेली नोंद आहे, मालकीचा दस्त नव्हे. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, इतकंच. फेरफाराने, म्हणजे उताऱ्यावरची नावं बदलणाऱ्या नोंदीने, मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. म्हणून नावाइतकंच लक्ष ‘इतर हक्क’ रकान्याकडे द्या. बँक किंवा सोसायटीचा बोजा, कूळ, विहिरीतला हिस्सा, कोर्टाचा मनाई हुकूम हे सगळं तिथे सापडतं. भूधारणा पद्धतीपुढे ‘भोगवटादार वर्ग 2’ असेल तर बहुतेक वेळा सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री करता येत नाही. प्रलंबित फेरफार दिसला तर तो मंजूर किंवा रद्द होईपर्यंत इसारही देऊ नये.

वारसाहक्कात सर्वाधिक घोळ ‘ए.कु.मॅ.’ या तीन अक्षरांमुळे होतो. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलेलं असतं, धाकटे भाऊ आणि बहिणी कागदावर नसतात. तरी त्यांचा हक्क संपत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकीच हिस्सेदार आहे आणि त्यासाठी 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असण्याची गरज नाही, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयात विनीता शर्मा खटल्यात ठरलं. बहिणींचं हक्कसोडपत्र झालंय असं कुणी सांगितलं तर नोंदणीकृत दस्ताचा क्रमांक मागा. साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेल्या सोडपत्राने स्थावरातला हक्क सुटत नाही.

वारसनोंदीसाठी मृत्यूनंतर 3 महिन्यांत कळवायचं असतं. ई-हक्क प्रणालीतून अर्ज घरबसल्या करता येतो. मृत्यूचा दाखला, 8अ (खातेउतारा) आणि सर्व वारसांची नावं व पत्ते असलेलं स्वयंघोषणापत्र जोडा. विवाहित बहिणीचं नाव गाळलं की हरकत येते आणि प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाऊन लांबतं. मंजूर फेरफार मान्य नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करायला 60 दिवस मिळतात.

सेवेची उणी बाजू म्हणजे जुने हस्तलिखित फेरफार इथे नाहीत. काही जुन्या अभिलेखांच्या ई-अभिलेख संकेतस्थळावर सापडतात, उरलेल्यांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो. ते काढाच, कारण सध्याचं नाव कुठून आलं याचं उत्तर तिथेच असतं. शिवाय नोंदणी झालेली पण सातबाऱ्यावर न चढलेली विक्री इथे दिसतच नाही. तिच्यासाठी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या गटाची ‘सूची 2’ (नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा) एकेका वर्षाने तपासावी, निदान 30 वर्षं मागे जाऊन.