नर्सिंगचा बॉण्ड: सैन्याचा की रुग्णालयाचा?

बी.एस्सी. नर्सिंगची फी दुसऱ्याने भरायची आणि पदवीनंतर नोकरी करून ती फेडायची, याचे बारावीनंतरच्या मुलींपुढे मुख्यतः दोन रस्ते. एक सैन्याच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा, दुसरा स्वतःचं नर्सिंग कॉलेज चालवणाऱ्या खासगी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयाचा. दोन्हीकडे बॉण्डवर, म्हणजे ठरलेली वर्षं नोकरी करण्याच्या करारावर, सही करावी लागते. मी पहिल्या बाजूची, हे आधीच सांगितलेलं बरं.

सैन्याकडे पुणे, मुंबई, दिल्ली, लखनौ, कोलकाता आणि बंगळुरू मिळून 220 जागा, फक्त मुलींसाठी. राहणं-जेवण सरकारी, वर विद्यावेतन. आमच्या वेळी लेखी परीक्षा वेगळी होती, 2022 पासून ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे गुण धरतात. इथेच बऱ्याच जणी चुकतात. नीट दिली म्हणजे अर्ज झाला असं नसतं. जाहिरात आली की सैन्याच्या भरतीच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते. बारावी पहिल्याच प्रयत्नात आणि नियमित विद्यार्थिनी म्हणून पास झालेली हवी. पुढे संगणकावरची परीक्षा, मानसिक चाचणी, मुलाखत. आणि मग वैद्यकीय तपासणी, जिथे हुशार मुलीही सपाट तळवे, कोपराचा कोन, कमी वजन किंवा कानातला साधा मळ यावर अडकतात. नीटच्या अभ्यासासोबत एकदा कान-नाक-घसा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. कानातला मळ, कमी वजन यांसारखं वेळेत दुरुस्त होतं.

रुग्णालयाकडे यातलं फारसं काही नाही. सीईटी दिली, प्रवेश घेतला, 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर सही केली की झालं. मुलगी बहुतेक वेळा 17 वर्षांची असते आणि 18 वर्षांखालच्या व्यक्तीचा करार कायद्यात टिकत नाही, म्हणून खरी सही बाबांची किंवा मामांची असते, जामीनदार म्हणून. पुढे वसुलीची नोटीस निघाली तर ती त्यांच्या नावाने येते. घरात हे कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं.

पैशाचा हिशेब कागदावर मांडून बघा. समजा रुग्णालयाने चार वर्षांत 2 लाख फी भरली, बॉण्ड 3 वर्षांचा आणि बॉण्डवरचा पगार बाहेरच्यापेक्षा महिना 7 हजारांनी कमी. म्हणजे 36 महिन्यांत तुम्ही 2 लाख 52 हजार फेडलेत. सैन्यात मात्र बॉण्ड चालू असतानाच लेफ्टनंटचा हुद्दा आणि 56,100 मूळ वेतन, वर भत्ते.

तरी पैसा हे माझं मुख्य कारण नव्हतं. रुग्णालयांच्या करारात मधेच कुठेतरी एक ओळ असते: ‘सेवा पूर्ण होईपर्यंत मूळ प्रमाणपत्रे संस्थेच्या ताब्यात राहतील.’ वाचताना किरकोळ वाटते. पुढे अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्सच्या) सरकारी भरतीत नाव लागतं, कागदपत्र पडताळणीची तारीख येते आणि बारावीची गुणपत्रिका, पदवी, नर्सिंग कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र सगळं ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद. मेट्रन म्हणतात ऑफिसला विचार, ऑफिस म्हणतं ट्रस्टी आल्यावर बघू. परदेशासाठीची पडताळणी असो की एम.एस्सी.चा प्रवेश, तेच. दंड भरून सुटायचं ठरवलं तरी कागद हातात येईपर्यंत तारीख निघून जाते. दंडाचा आकडा करारात असतो, हा अडकून राहिलेला काळ कुठेच लिहिलेला नसतो.

‘बॉण्ड कोर्टात टिकत नाही’ या ऐकीव सल्ल्यावरही विसंबू नये. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे लिहिलेल्या आकड्याच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळू शकते. 2025 साली विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 3 वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास 2 लाख भरण्याची अट वैध ठरवली.

सैन्यातही सगळं गोड नाही. बदली भारतात कुठेही. राजीनामा दिला म्हणजे सुटलात असंही नाही, तो मंजूर व्हावा लागतो. जर्मनी किंवा इंग्लंड डोक्यात असेल तर हा रस्ता बहुधा तुमचा नव्हे. लग्न केलं तर नोकरी जाईल ही भीती मात्र जुनी झाली: लग्नामुळे सेवेतून काढलेल्या एका नर्सिंग अधिकाऱ्याला 60 लाख रुपये द्यायला सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये केंद्राला सांगितलं.

आणि रुग्णालयाच्या बॉण्डवर सही करण्याआधी एक पाहा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीतल्या मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून झाला असेल, तर जुलै 2024 च्या शासन निर्णयाने शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेतच. जी फी मुळात भरायचीच नाही, तिच्यासाठी 3 वर्षं कशाला लिहून द्यायची? व्यवस्थापन कोट्याला मात्र ही माफी नाही.

एवढं करूनही रुग्णालयच जवळचं आणि सोयीचं वाटलं, तर दोन गोष्टी करारात लिहून घ्या: बाळंतपणाच्या रजेने बॉण्ड लांबणार का, आणि मधेच सोडलं तर झालेल्या सेवेच्या प्रमाणात रक्कम कमी होणार का. मूळ कागद द्यावेच लागले तर लेटरहेडवर पोच घ्या. त्यात प्रत्येक प्रमाणपत्राचं नाव, क्रमांक, सही-शिक्का, आणि मागितल्यापासून किती दिवसांत परत मिळेल तो आकडा.