फोटो मोकळे करायचे, तर कुठे टाकायचे आणि कशातून काढायचे?

हौशी फोटोग्राफरच्या हार्डडिस्कवर जे साठतं, त्यातलं बहुतेक कुणी बघत नाही. गडकिल्ले, कासची फुलं, वारी, गावची जत्रा. विकायला जावं तर गिऱ्हाईक नाही, इन्स्टाग्रामवर टाकावं तर दोन दिवस बदाम मिळतात आणि मग सगळं वाहून जातं. म्हणून "घ्या, वापरा" म्हणत फोटो मोकळे करायची इच्छा अनेकांना होते. मग प्रश्न उभे राहतात ते दोन: टाकायचे कुठे, आणि त्याआधी ते धुऊनपुसून, नावगाव लावून तयार करायचे कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये. हा आढावा तटस्थ नाही, माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच.

आधी परवाना

जागा निवडण्याआधी परवाना ठरवा, कारण अर्धी निवड तिथेच होऊन जाते. क्रिएटिव्ह कॉमन्सचे (सीसी) परवाने, म्हणजे आपलं काम इतरांनी कुठल्या अटींवर वापरावं हे सांगणारे तयार परवाने, २००२ पासून आहेत. 'सीसी बाय' म्हणजे माझं नाव द्या आणि हवं ते करा. 'बाय-एसए' म्हणजे नाव तर द्याच, शिवाय फोटोत फेरफार करून तो पुढे दिलात तर याच परवान्याखाली द्या. 'एनसी' जोडलं की व्यावसायिक वापराला बंदी. 'सीसी झिरो' म्हणजे कसलीच अट नाही.

नवा माणूस हटकून एनसी निवडतो. माझ्या फोटोवर दुसऱ्याने पैसे का कमवावेत, हे वाटणं साहजिक आहे. पण एखादा दिवाळी अंक डोळ्यासमोर आणा. अंक विकला जातो, त्यात जाहिराती असतात आणि तरीही संपादक पदरमोड करत असतो. हा वापर व्यावसायिक की नाही? त्या संपादकाला वादात पडायचं नसतं, तो दुसरा फोटो शोधतो. विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाला फोटो पुरवणारा साठा (पुढे नुसतं 'कॉमन्स'), तर एनसी फोटो घेतच नाही. म्हणजे ज्यांना द्यायची इच्छा होती, नेमके तेच दाराबाहेर राहतात.

सीसी झिरो हे दुसरं टोक. अमेरिकेतल्या कॅरल हायस्मिथ यांनी आपले हजारो फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसला लोकांसाठी देऊन टाकले. पुढे त्यांनाच, त्यांचाच फोटो वापरल्याबद्दल, १२० डॉलर भरा असं पत्र आलं. २०१६ साली त्यांनी गेटी इमेजेस या फोटो विकणाऱ्या कंपनीवर एक अब्ज डॉलरचा दावा लावला, पण कॉपीराइटचा मुख्य मुद्दा कोर्टात टिकला नाही. हक्क सोडलेल्या फोटोच्या प्रती कुणी विकायला बसला तर त्याला अडवणार कशाच्या जोरावर?

माझी पसंती बाय-एसएला. गावाकडच्या एका पतपेढीने माझा किल्ल्याचा फोटो नाव न घालता दिनदर्शिकेवर छापला होता. छापणं चालतं, विकणंही चालतं. नाव गाळणं चालत नाही. साधा, न रागावता लिहिलेला मेल पाठवला. त्यांनी फेसबुकवर नावासकट पोस्ट टाकली आणि एक दिनदर्शिका घरपोच आली. परवान्याच्या ४.० आवृत्तीत सोयच आहे: चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर वापरण्याचा हक्क पुन्हा मिळतो. त्यामुळे लगेच वकिलाची भाषा करायची गरज पडत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. दिलेला परवाना मागे घेता येत नाही. तुम्ही उद्या फोटो काढून टाकलात तरी ज्याने आधी उतरवून घेतला त्याचा हक्क शाबूत राहतो. शिवाय परवाना फक्त तुमच्या कॉपीराइटचा असतो, फोटोतल्या माणसाच्या संमतीचा नाही. वारीतल्या तुळस घेतलेल्या आजींचा चेहरा उद्या एखाद्या गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीवर दिसला, तर त्यांनी कुणाकडे दाद मागायची? लहान मुलांचे आणि ओळखू येतील अशा माणसांचे जवळून घेतलेले फोटो मी मोकळे करत नाही. दिंडीचा, पालखीचा, गर्दीचा फोटो पुरतो.

कॉमन्स की फ्लिकर?

खरी तुलना कॉमन्स आणि फ्लिकर ही फोटो ठेवायची साइट या दोघांतच आहे. दोन्ही २००४ सालची, पण स्वभाव अगदी उलटे.

कॉमन्स ना-नफा आहे, जाहिराती नाहीत, जागेची मर्यादा नाही आणि आज तिथे दहा कोटींहून जास्त फाइली आहेत. तिथे टाकलेला फोटो कुठल्याही भाषेच्या विकिपीडियात थेट बसवता येतो. हौशी माणसाला याहून मोठं व्यासपीठ मिळत नाही, हे मी ठामपणे म्हणेन. राजगडाच्या नेढ्याचे फोटो कुणीही काढतो. पण तुमच्या तालुक्यातली पडकी गढी, बारव, देवळामागे मातीत रुतलेली वीरगळ यांचा स्वच्छ फोटो तुम्ही नाही टाकला तर बहुधा कुणीच टाकणार नाही. 'विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स' ही वारसास्थळांच्या फोटोंची स्पर्धा २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली, भारत २०१२ मध्ये सामील झाला. सुरुवात करायला ते चांगलं निमित्त आहे.

पण कॉमन्स कष्ट करून घेतं. कॅमेऱ्याने दिलेलं 'डीएससी' आणि चार आकडे असलं नाव ते दारातच अडवतं. 'राजगड, सुवेळा माची, नेढे पूर्वेकडून' असं बोलकं नाव लागतं; देवनागरी चालते. मग वर्णन, तारीख, स्थळ, वर्ग. वर्ग चुकला तर फोटो असून नसल्यासारखा. आयफोनची एचईआयसी फाइल चालत नाही, कॅमेऱ्याची कच्ची 'रॉ' फाइलही नाही. आधी जेपीईजी करून घ्यावी लागते. कोपऱ्यात मोठं थोरलं नाव छापलेलं असेल तर नाकं मुरडली जातात.

आणि कायदा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार इमारतीचा आणि सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचा फोटो खुशाल काढून वाटता येतो. भिंतीवरच्या चित्राला ही सवलत नाही. म्हणजे चौकातला पुतळा चालेल, पण त्याच्या मागच्या भिंतीवर एखाद्या हयात चित्रकाराने रंगवलेलं भलंमोठं चित्र हाच फोटोचा विषय असेल, तर तो काढून टाकण्याचा प्रस्ताव येऊ शकतो. ही चर्चा बहुधा इंग्रजीत आणि अगदी कोरड्या भाषेत चालते. मनाला लावून घेणाऱ्याने हे आधीच ठाऊक करून घ्यावं.

फ्लिकर यातलं काही विचारत नाही. नाव नसलं तरी चालतं, अल्बम देखणे दिसतात, गटांमध्ये फोटोची जाण असलेले लोक भेटतात, आणि प्रत्येक फोटोला वेगळा परवाना लावता येतो. पण ते दुकान आहे आणि त्याचे मालक बदलत आले. २००५ मध्ये याहूने घेतलं, २०१८ मध्ये स्मगमगने. आधी फुकट खात्याला एक टेराबाइट जागा होती, नव्या मालकाने ती १,००० फोटोंवर आणली. पैसे भरायची तयारी असेल तर फ्लिकर आजही उत्तम प्रदर्शन-दालन आहे. एकमेव तिजोरी म्हणून मी ते वापरणार नाही. तिथे बाय किंवा बाय-एसए लावलात तर दुसरं कुणीही तो फोटो कॉमन्सवर नेऊ शकतं. कंटाळा येणाऱ्यांसाठी हा मधला मार्ग वाईट नाही, फक्त वर्णन लिहिणारा माणूस तुमच्याइतका जाणकार असेल याची खात्री नसते.

अनस्प्लॅश या फुकट फोटोंच्या साइटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. २०१७ पर्यंत तिथे सीसी झिरो होता, मग त्यांनी स्वतःचा परवाना आणला. २०२१ मध्ये गेटीने ती कंपनी विकत घेतली. धुक्यातला घाट, वाफाळता चहा असले फोटो तिथे धो धो उतरवले जातात, पण तुमचं नाव देणं वापरणाऱ्यावर बंधनकारक नाही. आकडे बघून खूश होणार असाल तर जा.

फुलं-पाखरं असतील तर

विषय निसर्ग असेल तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटचा विचार वेगळा करा. कासच्या पठारावर काढलेला वायतुऱ्याचा किंवा सीतेच्या आसवांचा फोटो फ्लिकरवर 'सुंदर!' एवढंच ऐकतो. इथे त्याच फोटोची तारीख, जागा आणि इतरांनी पटवलेली ओळख मिळून 'संशोधन दर्जा'ची नोंद होते आणि ती जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता साठ्यात जाऊ शकते. धोक्यातल्या जातींची नेमकी जागा ते आपणहून धूसर करतात. ऑर्किड उपटून नेणाऱ्यांच्या काळात ही फार मोठी सोय आहे.

खोट दोन ठिकाणी. फोटो २,०४८ पिक्सेलपर्यंत लहान केला जातो, म्हणजे छपाईच्या कामाचा राहत नाही. आणि आपण न बदलल्यास परवाना एनसी असतो. खातं उघडल्यावर सेटिंगमध्ये जाऊन तो बाय करा, म्हणजे विकिपीडियाचंही दार उघडतं. निसर्गवाल्याने मूळ मोठी फाइल कॉमन्सवर आणि नोंद आयनॅचरलिस्टवर अशी दुहेरी सोय करावी.

आता डोकेदुखी: सॉफ्टवेअर

इथे लोक 'कशात रंग छान येतात' यावर तास-तास भांडतात. फोटो वाटणाऱ्याने विचारायचा प्रश्न निराळा आहे: मी टंकलेली माहिती राहते कुठे? फोटोच्या फाइलमध्ये, की त्या प्रोग्रॅमच्या पोटात?

पिकासा हे फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर आठवतं? गुगलने २०१६ मध्ये ते बंद केलं. त्यात जेपीईजीला लिहिलेल्या ओळी फाइलमध्येच जात, त्या वाचल्या. अल्बम मात्र त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये होते, ते प्रोग्रॅमबरोबर गेले. ॲपलचं तसंच ॲपर्चर वापरणाऱ्यांनीही २०१४ नंतर असाच बाडबिस्तरा हलवला.

लाइटरूम क्लासिक वापरायला सगळ्यात सुखाचं. एकरकमी विकत मिळणारी शेवटची आवृत्ती २०१५ ची सहावी; आता मासिक-वार्षिक भाडं. भाडं थांबवलं तरी फोटो बघता येतात, बाहेर काढता येतात, पण संपादनाचा विभाग बंद होतो. मुख्य म्हणजे कीवर्ड आणि वर्णनं मुळात त्याच्या कॅटलॉगमध्ये साठतात. फाइलसोबत लिहिली जावीत यासाठी सेटिंगमध्ये एक्सएमपीची (फोटोची माहिती लिहायच्या एका पद्धतीची) खूण स्वतः करावी लागते. ती आजच करा.

डार्कटेबल फुकट, मुक्त आणि पहिल्या भेटीत तिरसट. रॉ फाइल उघडली की कॅमेऱ्याच्या पडद्यावर झगमगणारा सूर्यास्त मळकट दिसतो. कारण पडद्यावर दिसते ती कंपनीने आपल्या चवीने रंगवलेली जेपीईजी. डार्कटेबल तो मसाला घालत नाही, तुमच्या हातात देतं. त्यातली मॉड्यूल्स, त्यांची नावं, एकच काम करणारी तीन-तीन साधनं... चिकाटी लागते. कॅमेरा नवाकोरा असेल तर आणखी एक पेच: कॅनन २०१८ पासून ज्या सीआर३ फाइली देऊ लागलं, त्या डार्कटेबलमध्ये उघडायला २०२१ च्या अखेरीस आलेली ३.८ आवृत्ती यावी लागली. तेव्हा आधी तुमच्या कॅमेऱ्याचं नाव यादीत बघा. पण ते प्रत्येक फोटोशेजारी एक्सएमपी फाइल आपणहून ठेवतं, हे मला इतकं पटतं की बाकीचा तिरसटपणा मी सोसतो. रॉथेरपी त्याहून थोडं सरळ आहे, तपशील सुरेख काढतं; कीवर्ड लावण्याच्या कामात मात्र तोकडं.

नावगाव लावायला या सगळ्यांपेक्षा डिजिकॅम हा प्रोग्रॅम सरस. तेही फुकट. रंग कशातही सुधारा, वर्णन आणि कीवर्ड डिजिकॅममध्ये लावा, अशी विभागणी लाइटरूमचं भाडं परवडत असलं तरी मी सुचवेन.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक पाचर आहे आणि ती इंग्रजी सल्ल्यांमध्ये सहसा सापडत नाही. फोटोतली माहिती दोन पद्धतींनी लिहिली जाते: जुनी आयपीटीसी आणि नवी एक्सएमपी. जुन्या पद्धतीत फोटोग्राफरच्या नावाला ३२ बाइट आणि एका कीवर्डला ६४ बाइट एवढीच जागा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, हलन्तसुद्धा, तीन बाइट खातं. 'ज्ञानेश्वर' एवढं लिहिलं की ३० बाइट संपले. नियम काटेकोर पाळणारा प्रोग्रॅम आडनाव गिळून टाकतो. शिवाय मजकूर युनिकोडमध्ये आहे अशी खूण फाइलमध्ये नसेल तर पुढचा प्रोग्रॅम त्याचा कचरा दाखवतो. माझ्याकडच्या एका प्रोग्रॅमने अपडेटनंतर सगळी मराठी वर्णनं प्रश्नचिन्हांची माळ करून दाखवली होती. एक्सएमपीत या दोन्ही भानगडी नाहीत.

म्हणून कुठल्याही सॉफ्टवेअरला पैसे किंवा महिने देण्याआधी एक चाचणी घ्या. एका फोटोला देवनागरीत पूर्ण नाव, दोन ओळींचं वर्णन आणि 'सिंधुदुर्ग जिल्ह्यातील जलदुर्ग' असा लांबलचक कीवर्ड लावा. जेपीईजी बाहेर काढा आणि दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडून बघा. ही फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तिथे माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आडनाव शाबूत दिसलं तरच पुढचे हजार फोटो त्या प्रोग्रॅमच्या हवाली करा.