नवा होस्ट पारखायचा कसा? अमेरिकी लेट नाइटमधले खांदेपालट

ऑगस्ट 2015 मध्ये सेथ मायर्सनं आपल्या शोमध्ये एकच गोष्ट बदलली. तो बसला. त्याआधीचं दीड वर्ष एनबीसी वाहिनीवरच्या 'लेट नाइट' या रात्री उशिराच्या विनोदी गप्पांच्या शोची सुरुवात तो उभ्यानं करत होता, कारण 'टुनाइट शो'वाल्या जॉनी कार्सनपासून बहुतेक सगळे तशीच करत आले होते. पडदा, टाळ्या, मग उभं राहून पाच-सात मिनिटांचा मोनोलॉग, म्हणजे दिवसाच्या बातम्यांवरचे विनोद, आणि त्यानंतर डेस्क. पण उभा असताना हातांचं काय करावं हे मायर्सला उमगत नव्हतं. विनोद चांगले होते, पण म्हणणारा माणूस अवघडलेला दिसायचा. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये त्यानं बातम्यांच्या डेस्कमागे आठ वर्षं काढली होती. बाजूला चित्र, एका ओळीत बातमी, दुसऱ्या ओळीत टोला, हा त्याचा हातखंडा. डेस्कमागे बसल्याबरोबर तो लय सापडलेल्या गायकासारखा मोकळा झाला. पुढे त्याच बैठकीतून 'अ क्लोजर लुक' हा भाग वाढत गेला. त्यात एकच विषय घेऊन, बातम्यांचे तुकडे दाखवत दहा-बारा मिनिटं त्याची उलटतपासणी चालते. आज हा शो कोणी शिफारस करून पाहायला सांगतो तो बहुतेक याच भागासाठी.

हे आधी सांगण्याचं कारण असं की नवा होस्ट आला की प्रेक्षकांची मतं पहिल्या आठवड्यातच पक्की होतात, आणि ती बहुधा चुकतात. पहिल्या आठवड्यात जुना होस्ट डोळ्यांसमोरून हललेला नसतो आणि नवा त्याच्याच मापाच्या कपड्यात उभा असतो. कोनन ओब्रायनचं उदाहरण घ्या. 13 सप्टेंबर 1993 ला तो याच 'लेट नाइट'वर डेव्हिड लेटरमनच्या जागी आला तेव्हा तो पडद्यामागचा लेखक होता, लोकांना चेहराही ठाऊक नव्हता. समीक्षकांनी त्याला फाडून खाल्लं. वाहिनी त्याला तेरा-तेरा आठवड्यांची मुदत वाढवून देत होती. 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या टॉम शेल्सनं सुरुवातीला त्याच्यावर सडकून टीका केली होती, आणि तीन वर्षांनी त्यानंच आपलं मत जाहीरपणे बदललं. ओब्रायन त्या खुर्चीत 2009 पर्यंत टिकला.

मग पारखायचं कशावरून? त्यासाठी आधी तासाभराची मांडणी समजून घ्यायला हवी. अमेरिकेतली साडेअकराची वेळ म्हणजे प्रत्यक्षात 11:35 ते 12:37. जाहिराती वगळल्या की हातात साधारण 40 मिनिटं उरतात. त्यातली दहाएक मिनिटं मोनोलॉगची, पाच-सहा मिनिटं डेस्कवरच्या एखाद्या विनोदी प्रकाराची, मोठ्या पाहुण्याला ब्रेकच्या अलीकडे-पलीकडे मिळून बारा-तेरा मिनिटं, दुसऱ्या पाहुण्याला त्याच्या निम्मी, आणि शेवटी गाणं किंवा स्टँड-अप. शूटिंग त्याच दिवशी संध्याकाळी होतं. म्हणजे सकाळच्या बातमीवर दुपारपर्यंत विनोद लिहून, तालीम करून, निम्मे काढून टाकून उरलेले संध्याकाळी प्रेक्षकांपुढे ठेवायचे, आणि हे आठवड्यातून चार दिवस.

या मांडणीत नव्या होस्टचा मोनोलॉग हा सर्वात कमी बोलका भाग. तो लेखकांचा चमू लिहितो, आणि चमू पुष्कळदा जुनाच असतो. मोनोलॉगमध्ये बघायचा तो पडलेला विनोद. हशा आला नाही की नवखा माणूस आवाज चढवतो किंवा घाईनं पुढच्या विनोदाकडे पळतो. कार्सनची खरी करामत इथेच होती. फसलेल्या विनोदानंतरचा त्याचा चेहरा आणि एखादी सावरून घेणारी ओळ मूळ विनोदापेक्षा जास्त हसवायची. मायर्सही आता तसंच करतो. विनोद लिहिलेले मोठे कागद (क्यू कार्ड) कॅमेऱ्याशेजारी धरणाऱ्या वॉली फेरेस्टनकडे बघून तो फसलेल्या विनोदाची वाटणी करून टाकतो.

खरी परीक्षा मुलाखतीत होते. प्रत्येक पाहुण्याशी शोचा एक निर्माता आधी बोलून घेतो, कोणते किस्से रंगतील ते टिपतो आणि ते मुद्दे कार्डावर होस्टच्या हाती येतात. पाहुण्याला प्रश्न ठाऊक असतो आणि होस्टला उत्तर. नव्या होस्टचा घात इथे होतो. पाहुणा कार्डावर नसलेलं काहीतरी बोलून जातो, आणि होस्ट ते न ऐकता पुढच्या मुद्द्यावर जातो. असं एका मुलाखतीत दोनदा झालं की समजावं, याचा अजून खुर्चीत जम बसलेला नाही. उलट तो कार्ड बाजूला ठेवून त्या वाक्याला धरून विचारत राहिला, तर त्याला आणखी सहा महिने द्यावेत.

स्टीफन कोल्बेरनं ही परीक्षा तिसऱ्याच भागात पार केली, आणि तरीही त्याचा शो पुढचे कित्येक महिने चाचपडत होता. हे प्रकरण सगळ्यांत शिकवणारं आहे. कोल्बेर सीबीएसच्या 'लेट शो'वर 8 सप्टेंबर 2015 ला आला, तेही एनबीसी सोडून तिथे गेलेल्या लेटरमनच्याच जागी. पहिल्या भागात जॉर्ज क्लूनी आणि राजकारणी जेब बुश. शो जिथे होतो त्या एड सलिव्हन थिएटरचा झाकलेला घुमट आणि रंगीत काचा उघड्या करून जागा सुंदर नटवली होती. भाग मात्र ठासून भरलेला आणि दमछाक करणारा झाला. 10 सप्टेंबरला तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन आले. त्यांचा मुलगा बो साडेतीन महिन्यांपूर्वी कर्करोगानं गेला होता. कोल्बेर स्वतः दहा वर्षांचा असताना, 1974 साली, त्याचे वडील आणि दोन भाऊ विमान अपघातात गेले. त्या मुलाखतीत विनोद जवळजवळ थांबतो. दोन माणसं दुःखाबद्दल आणि श्रद्धेबद्दल बोलतात, होस्ट मधे पडत नाही, शांततेला घाबरत नाही. नऊ वर्षं एका बनावट, बढाईखोर पात्राच्या रूपात पडद्यावर वावरलेल्या माणसाचा स्वतःचा चेहरा लोकांनी त्या रात्री बहुधा पहिल्यांदा बघितला.

मग अडलं कुठे? सगळा कारभार कोल्बेर स्वतःच्या अंगावर घेऊन बसला होता. मजकूर, निर्मिती, रोजचे शंभर निर्णय, आणि संध्याकाळी मंचावर उभं राहणं. त्याचा आधीचा शो अर्ध्या तासाचा होता, हा तासाचा. डेस्कवरचे प्रकार लांबत होते आणि दिवसाची बातमी त्यांत हरवत होती. एप्रिल 2016 मध्ये सकाळच्या बातम्यांचा कार्यक्रम चालवणारा ख्रिस लिख्ट निर्मितीप्रमुख म्हणून आला आणि रोजचा कारभार त्यानं उचलला. मोनोलॉग वाढला, तो त्याच दिवसाच्या बातमीला घट्ट बांधला गेला. जुलैमध्ये दोन्ही पक्षांच्या अधिवेशनांच्या काळात शो दोन आठवडे थेट प्रक्षेपित झाला. थेट प्रक्षेपणात फिरवाफिरवीला जागाच नसते, आणि कोल्बेरला तेच मानवलं. 2016-17 च्या हंगामात एकूण प्रेक्षकसंख्येत त्यानं एनबीसीच्या 'टुनाइट शो'वरच्या जिमी फॅलनला मागे टाकलं. पहिल्या महिन्यात त्याला निकालात काढणाऱ्यांनी होस्टचा दोष धरला होता. दोष कामाच्या वाटणीत होता.

जिमी फॅलनचं याच्या उलट. 17 फेब्रुवारी 2014 ला 'टुनाइट शो' त्याच्याकडे आला तेव्हा त्याच्यामागे 'लेट नाइट'ची पाच वर्षं होती. 'द रूट्स' हा बँड, निवेदक स्टीव्ह हिगिन्स, खेळ, नकला, शुक्रवारच्या आभारपत्रांच्या ओळी, सगळं बरोबर आलं. 1972 पासून कॅलिफोर्नियात असलेला शो न्यू यॉर्कला परतला, तरी काही नवं घडल्यासारखं वाटलं नाही. गुळगुळीत खांदेपालट म्हणतात तो हा. पण फॅलनची मुलाखत पहिल्या दिवशी जिथे होती तिथेच राहिली. पाहुण्याच्या प्रत्येक वाक्यावर तो इतका हसतो की पाहुण्याला काही सांगायची गरज उरत नाही. गाणी आणि खेळ यांच्यासाठी त्याचा शो आजही उत्तम. संभाषण हवं असेल तर दुसरीकडे जावं. 2016 च्या सप्टेंबरात त्यानं तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार असलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांचे केस विस्कटले आणि प्रेक्षकांचा एक मोठा गट त्याच्यावर नाराज झाला. त्या नाराजीचं मूळही या सगळ्याला हसण्याच्या सवयीतच होतं.

ट्रेव्हर नोआवर सर्वाधिक अन्याय झाला. जॉन स्टुअर्टनं 'डेली शो' हा बातम्यांची खिल्ली उडवणारा शो 6 ऑगस्ट 2015 ला सोडला आणि 28 सप्टेंबरला एकतीस वर्षांचा, दक्षिण आफ्रिकेतून आलेला नोआ त्याच डेस्कमागे बसला. लेखकांपैकी बरेच जण स्टुअर्टच्या काळातले. वाक्यांची ठेवण संतापाची, चढत जाणारी. बोलणारा मात्र शांत, हसरा, किस्से आणि बोलींच्या नकला करणारा. पहिले महिने ऐकताना हे दोन सूर वेगवेगळे ऐकू येतात. नोआचा खरा शो ब्रेकमध्ये सापडला. जाहिराती चालू असताना तो समोरच्या प्रेक्षकांशी मोकळेपणानं बोलायचा, वंशभेद, वसाहती, घर, आई यांबद्दल. ते तुकडे 'बिटवीन द सीन्स' नावानं वेगळे प्रसिद्ध होऊ लागले आणि शोच्या मुख्य मजकुरापेक्षा लांब पोचले. नोआ पारखायचा असेल तर आधी तेच बघावेत. 2022 च्या डिसेंबरात तो गेला तोवर डेस्कवरचा नोआ आणि ब्रेकमधला नोआ बऱ्याच अंशी एक झाले होते.

लिली सिंगला ही संधीच मिळाली नाही. सप्टेंबर 2019 मध्ये एनबीसीनं तिला रात्री 1:35 ची जागा दिली. भारतीय वंशाच्या बाईला अमेरिकेच्या मोठ्या वाहिनीवर अशी जागा मिळणं ही मोठीच गोष्ट, आणि परदेशातल्या आपल्या लोकांनी ती कौतुकानं बघितली. तक्रार लवकरच सुरू झाली की रोज तेच विनोद, रोज स्वतःच्या ओळखीवरच. तक्रार खोटी नव्हती, पण कारण बघा. पहिल्या पर्वाचे नव्वदहून अधिक भाग सुमारे तीन महिन्यांत चित्रित केले गेले. म्हणजे कामाच्या दिवसाला एकाहून जास्त. महिन्यांनंतर दिसणाऱ्या भागात कालची बातमी घेता येत नाही. बातमी नाही, म्हणून विषय उरतो तो स्वतःचा. त्या वेळापत्रकात कोणीही बसलं असतं तर हेच झालं असतं. हसन मिन्हाजच्या 'पेट्रियट अ‍ॅक्ट'मध्ये (2018 ते 2020) उलट शहाणपण दिसलं. आठवड्याला एक भाग, एक विषय, डेस्क नाही, पाहुणे जवळपास नाहीत, उभा होस्ट आणि मागेपुढे पडदे. साचा आधी माणसाला मापून शिवला आणि मग दाखवला.

सीबीएसच्या 'लेट लेट शो'वर जेम्स कॉर्डननं 2015 मध्ये सगळ्या पाहुण्यांना एकाच सोफ्यावर बसवलं, ब्रिटनमध्ये बसवतात तसं. त्यानं दुसऱ्या पाहुण्याचं उपरेपण गेलं. लोकांच्या लक्षात मात्र राहिली ती त्याची गाडीतली गाणी.

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळेचं गणित सोपं आहे. न्यू यॉर्कचे 11:35 म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे 9:05, हिवाळ्यात 10:05. यूट्यूबवर तुकडे साधारण त्याच सुमारास किंवा थोडे नंतर येतात. पण त्यांत एक गफलत आहे. सर्वांत पुढे येतो तो मोनोलॉग, आणि आपलं मत त्याच्यावरच बनतं. नवा होस्ट असेल तर पहिला आठवडा सोडून द्यावा, कारण तेव्हा मोठे तारे बोलावलेले असतात आणि ते कोणाच्याही शोमध्ये चमकतात. तिसऱ्या महिन्यातला एखादा बुधवार निवडावा. त्यातला दुसरा पाहुणा बघावा, शक्यतो लेखक किंवा शास्त्रज्ञ, ज्याला हशा मिळवायची सवय नाही. ती सहा मिनिटं होस्ट कशी नेतो त्यावर ठरवावं. आपल्याकडे 2025 मध्ये 'चला हवा येऊ द्या'त निलेश साबळेंच्या जागी अभिजीत खांडकेकर आले तेव्हाही तुलना पहिल्या भागापासूनच सुरू झाली होती. तिथेही हीच कसोटी लावून बघावी, फक्त पाहुण्याऐवजी स्किट फसल्यावर सूत्रसंचालक काय करतो ते बघायचं.

प्रेक्षकांच्या मतांचं काय करावं हे मात्र मायर्सकडूनच शिकावं. 2021 मध्ये त्यानं 'करेक्शन्स' नावाचा भाग सुरू केला. यूट्यूबखालच्या प्रतिक्रियांमध्ये लोकांनी दाखवलेल्या आठवड्याभरातल्या चुका तो त्यात एकेक करून वाचतो. चुकीचा उच्चार, चुकलेला प्राण्याचा तपशील, व्याकरण. या काथ्याकूट करणाऱ्यांना तो प्रेमानं कोल्हे म्हणतो. स्टुडिओत प्रेक्षक नसतात, हसतात ते फक्त कॅमेऱ्यामागचे लोक. 2015 पर्यंत पडद्यापुढे अवघडून उभा असलेला माणूस इथे रिकाम्या खुर्च्यांसमोर, टाय न लावता, शब्दाशब्दावर भांडत बसलेला दिसतो. नव्यानं बघणाऱ्यानं सुरुवात 'अ क्लोजर लुक'पासून करावी आणि आठवडाभर ते पाहून झालं की मगच 'करेक्शन्स'कडे यावं. मूळ चूक माहीत नसेल तर त्यातला निम्मा विनोद कळत नाही.